एरर कोड म्हणजे पिनकोड, घर नंबर नव्हे: ई-स्कूटर रिपेअरिंगमध्ये उतरणाऱ्यांसाठी



ई-स्कूटर रिपेअरिंगचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांची हल्ली एक मागणी ठरलेली असते. "सर, एरर कोडची लिस्ट द्या ना." कुणाला पीडीएफ हवी असते, कुणाला फोटो. काही जण ती लॅमिनेट करून भिंतीवर लावणार असतात. मी ती लिस्ट देत नाही. हातचं राखून ठेवायचं म्हणून नाही, तर ती लिस्ट हातात आली की माणूस मल्टिमीटर खाली ठेवतो म्हणून. आणि या धंद्यात ज्याने मल्टिमीटर खाली ठेवला, तो सहा महिन्यांत नुसता पार्ट विकणारा होतो. पार्ट विकणाऱ्याची स्पर्धा ऑनलाईन दुकानाशी असते. ती स्पर्धा आपण जिंकत नाही.

पहिली अडचण अगदी साधी आहे. कोड सगळीकडे सारखे नसतात. पेट्रोलच्या चारचाकीत ओबीडीचे बरेचसे कोड ठरलेले असतात, इथे तसं काही नाही. ई-सायकलच्या किटमधलंच उदाहरण घ्या. केटीच्या डिस्प्लेवर मोटरच्या हॉल सेन्सरचा दोष ०३ नंबरने येतो, बाफांगच्या डिस्प्लेवर तोच दोष ०८ नंबरने. थ्रॉटलचा दोष एकीकडे ०१, दुसरीकडे ०५. दोष तोच, वायरी त्याच, आकडा वेगळा. स्कूटरमध्ये तर कुणी आकडा दाखवतं, कुणी नुसतं मोटरचं चित्र पेटवतं, कुणाचा कंट्रोलर लाईट लुकलुकवून सांगतो आणि कुणी फक्त मोबाईल ॲपमध्ये दाखवतं. त्यामुळे ज्या गाडीचं मॅन्युअल आहे त्या गाडीपुरताच तो कोड खरा.

पण समजा योग्य लिस्ट मिळाली. तरी पुढची अडचण राहतेच. कोड तुम्हाला गल्लीपर्यंत आणून सोडतो. दार कुठलं वाजवायचं ते तुमचं तुम्हाला शोधावं लागतं.

पाच व्होल्टचा घोळ

हे नुसतं बोलून कळणार नाही, म्हणून एकच केस पूर्ण बघू. शिकायला यासारखी दुसरी केस नाही.

गाडी आली. ६० व्होल्टची, साधी हब मोटरवाली. डिस्प्लेवर मोटरचं चिन्ह पेटलेलं. एक्सलेटर दिला की चाक एक झटका खातं आणि थांबतं. लिस्टमध्ये बघितलं तर "मोटर हॉल फॉल्ट". लिस्टवाला मेकॅनिक काय करेल? मोटर उघडेल. हब मोटर उघडणं म्हणजे चाक काढा, झाकणाचे बोल्ट सोडा, चुंबकाच्या ओढीतून स्टेटर बाहेर काढा (बोटं सांभाळून, त्या चुंबकांना दयामाया नसते), तिन्ही हॉल सेन्सर बदला, परत बसवा. अर्धा दिवस गेला. गाडी लावली, तर कोड तसाच. आता कंट्रोलर बदला. ते झाले काही हजार. तोपर्यंत गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलेलं असतं.

आता मोजणारा मेकॅनिक काय करेल ते बघा. मोटरकडे जाणाऱ्या हॉलच्या कपलरमध्ये पाच बारीक वायरी असतात. लाल आणि काळी म्हणजे सेन्सरला मिळणारा साधारण पाच व्होल्टचा सप्लाय, आणि पिवळी, हिरवी, निळी हे तीन सिग्नल. तो कपलर न काढता, मागच्या बाजूने मीटरची टोकं घालून आधी लाल-काळीवर मोजतो. कपलर लावलेलाच ठेवायचा, कारण सिग्नलच्या वायरीला वर ओढून धरणारा व्होल्टेज कंट्रोलरकडून येतो. कपलर काढून मोटरच्या बाजूला मोजाल तर चांगला सेन्सरही मेलेला दिसेल. हे न कळल्यामुळे चांगल्या मोटरी उघडल्या जातात.

लाल-काळीवर पाच व्होल्ट मिळाले, तर गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि एकेक सिग्नल बघायचा. प्रत्येक सिग्नल शून्याजवळ, मग पाचजवळ, परत शून्याजवळ असा उड्या मारला पाहिजे. तीनपैकी एकच अडकला असेल तर त्या वायरीमागे लागा. एक्सलच्या तोंडाशी वायर कापली गेली असेल, कपलरची पिन मागे सरकली असेल, नाहीतर तो एक सेन्सर गेला असेल. इथे मोटर उघडायचा निर्णय योग्य असू शकतो, पण तो आता मोजून घेतलेला निर्णय आहे.

आणि लाल-काळीवर पाचऐवजी दीड-दोनच व्होल्ट मिळाले तर? इथे घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं. बऱ्याच साध्या कंट्रोलरमध्ये हॉलला आणि थ्रॉटलला जाणारे पाच व्होल्ट आतून एकाच ठिकाणाहून येतात. म्हणजे थ्रॉटलमध्ये पाणी शिरून शॉर्ट झाला, तर तो हॉलचाही सप्लाय खाली ओढतो. कंट्रोलरला हॉलचा सिग्नल मिळत नाही, तो बिचारा प्रामाणिकपणे "हॉल फॉल्ट" सांगतो. गुन्हेगार हँडलवर बसलेला असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. तपास सोपा आहे. मीटर पाच व्होल्टवर लावून ठेवा आणि थ्रॉटलचा कपलर काढा. व्होल्टेज परत पाचवर आला तर थ्रॉटल दोषी. नाही आला तर हॉलचा कपलर काढा. तेव्हा कंट्रोलरच्या बाजूला पाच आला तर मोटरकडची बाजू दोषी. दोन्ही काढूनही येत नसेल, तर मग कंट्रोलरकडे बोट दाखवा.

एवढ्या तपासाला सराव झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं लागतात. मोटर उघडावी लागली नाही, कंट्रोलर विकत आणावा लागला नाही. थ्रॉटल बदलला, काही शे रुपयांचं काम. आता मला सांगा, गिऱ्हाईकाने पैसे कशाचे द्यायचे? थ्रॉटलचे की त्या पंधरा मिनिटांचे?

माझं मत स्पष्ट आहे. पंधरा मिनिटांचे. आणि ते वेगळे लावायचे.

"पण सर, चेकिंगचे पैसे आपल्याकडे कोण देतं?"

मला माहीत होतं तुम्ही हे म्हणणार. पेट्रोल गाडीच्या मेकॅनिकने कान लावून फुकटात दोष सांगायची सवय लोकांना लागलेली आहे. म्हणून नवीन मुलं काय करतात, तर चेकिंग फुकट ठेवतात आणि पार्टवर मार्जिन काढतात. किंवा मधला मार्ग म्हणून "काम आमच्याकडे केलंत तर चेकिंग चार्ज माफ" असा बोर्ड लावतात. मला दोन्ही पटत नाही, आणि दुसरं तर पहिल्यापेक्षा वाईट वाटतं.

का ते बघा. ज्या दिवशी तुमची कमाई पार्ट बदलण्यावर अवलंबून राहिली, त्या दिवसापासून तुमचं मन "कपलर साफ करून भागलं" या निकालाच्या विरोधात काम करायला लागतं. तुम्ही कितीही प्रामाणिक असा. पाऊस पडतोय, महिनाअखेर आहे, दुकानाचं भाडं द्यायचंय आणि समोरच्या गाडीत फक्त एका पिनवर हिरवा गंज बसलाय. ती पिन साफ करायचे किती घेणार? पन्नास? मग कंट्रोलर "गेलाय" म्हणायचा मोह होतोच. चेकिंगची फी वेगळी असली की हा मोह जागच्या जागी मरतो. तुमचे पैसे आधीच सुटलेले असतात, आता खरं बोलायला तुम्ही मोकळे.

हिशोब कागदावर करा. समजा गाळ्याचं भाडं आठ हजार, हाताखालच्या मुलाचा पगार दहा हजार, वीज-चहा-किरकोळ चार हजार. महिन्याला २२,००० झाले. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचे साधारण साडेआठशे. दिवसाला चार गाड्या केल्यात तर प्रत्येक गाडीने दोनशे दहाच्या वर नुसत्या खर्चापोटी दिले पाहिजेत. यात तुमचा स्वतःचा पगार अजून आलेलाच नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, मांडणी हीच ठेवा. मग फुकट चेकिंगमध्ये रोज दीड तास घालवणं म्हणजे काय हे कळेल.

गिऱ्हाईक पैसे कधी देतं? त्याला काहीतरी दिसलं की देतं. डॉक्टरच्या फीला कुणी कुरकुरत नाही, कारण हातात चिठ्ठी येते. तुम्हीही द्या. साधं जॉब कार्ड छापून घ्या. गाडी आल्यावर डिस्प्लेवरच्या कोडचा फोटो, किलोमीटर, बॅटरीचा व्होल्टेज गाडी उभी असताना आणि लोडवर, थ्रॉटलचा सिग्नल सोडलेला असताना आणि पूर्ण दिल्यावर, पाच व्होल्टचं रीडिंग, ब्रेक स्विच ठीक की नाही. खाली एका ओळीत दोष. काम झाल्यावर तीच रीडिंग पुन्हा. आकडे लिहिलेला कागद हातात पडला की "नुसतं बघायचे एवढे?" हा प्रश्न बराच कमी होतो. जो तरीही भांडतो, त्याला जाऊ द्या. सगळी गिऱ्हाइकं आपली नसतात.

त्याच कार्डाची कार्बन कॉपी स्वतःकडे ठेवा. मॉडेल, कोड, आणि शेवटी खरा दोष काय निघाला. वर्षभरात ही वही म्हणजे तुमच्या गावातल्या गाड्यांची, तुमच्या गावातल्या पावसाची आणि रस्त्यांची लिस्ट होईल. ती मात्र खुशाल भिंतीवर लावा.

बाकीचं थोडक्यात

सगळ्याच केसेस एवढ्या खोल नसतात. चावी लावली, दिवे लागतात, कोड नाही, पण गाडी पुढे जात नाही, अशी तक्रार आली तर ब्रेकचा स्विच आणि साईड स्टँडचा सेन्सर आधी बघा. ब्रेक दाबलेलाच आहे असं कंट्रोलरला वाटत असेल तर तो मोटर चालवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. ब्रेक लाईट सतत पेटलेला दिसला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. गाडी पूर्ण मेली असेल तर सीटखालचा एमसीबी, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल. दिवे-हॉर्न-डिस्प्ले बंद पण बॅटरी ठणठणीत असेल तर बॅटरीचा व्होल्टेज बारावर आणणारा कन्व्हर्टर.

थ्रॉटल सोडलेला असताना सिग्नल साधारण एक व्होल्टच्या आत आणि पूर्ण दिल्यावर साडेतीनच्या वर असला पाहिजे. त्याची काळी वायर तुटली तर सिग्नल उलट वर, पाचच्या जवळ जाऊन बसतो. म्हणजे एक्सलेटर पूर्ण पिळल्यासारखा. चांगला कंट्रोलर हे ओळखून कोड दाखवतो आणि गाडी रोखतो. म्हणून तपासताना मागचं चाक हवेत असायलाच हवं, यात तडजोड नाही.

चाक हाताने फिरवताना जड लागतंय, अडकत अडकत फिरतंय? बॅटरी बंद करा, मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, आणि परत फिरवा. मोकळं फिरलं तर कंट्रोलरमधले मॉसफेट शॉर्ट. तसंच जड राहिलं तर मोटरचं वाइंडिंग किंवा एक्सलमध्ये वायरी एकमेकींना चिकटल्यात. या तपासाला मीटरसुद्धा लागत नाही.

"चार्जिंग फुल, पण चढावर गाडी बंद पडते" ही तक्रार लेड-ॲसिडवाल्या गाड्यांत भरपूर येते. ६० व्होल्ट म्हणजे बाराच्या पाच बॅटऱ्या. उभ्या गाडीत सगळ्या छान बारा-तेरा दाखवतात. लोड देऊन एकेक मोजा. चार जणी तग धरतात आणि एक धाडकन खाली येते. प्रत्येकी साडेदहाच्या हिशोबाने साडेबावन्नच्या आसपास कंट्रोलर गाडी बंद करतो. दोष त्या एकीचा, पण गिऱ्हाइकाला बऱ्याचदा नवीन कंट्रोलर विकला जातो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. कोकणात, कोल्हापूर-साताऱ्याकडे जून ते सप्टेंबर तुमचा अर्धा धंदा कपलरमधल्या पाण्याचा असेल. त्यात लोक गाडी वॉशिंग सेंटरला नेतात आणि तिथला मुलगा प्रेशरचा पाईप थेट हँडलवर आणि डिस्प्लेवर धरतो. उरलेला कोटा उंदीर पूर्ण करतात. वॉटरप्रूफ कपलर, चांगलं क्रिंपिंग प्लायर आणि हीट श्रिंक ट्यूब हे तुमचं खरं स्टॉक आहे. कंट्रोलरने कपाट भरून पैसे अडकवू नका. व्होल्टेज वेगळा, वॅट वेगळे, कपलर वेगळे, पडून राहतात. तपासण्यापुरता एक चांगला चालणारा कंट्रोलर आणि एक थ्रॉटल जवळ असला की बास.

दोन कामं, ज्यांना नाही म्हणायचं

पहिलं, बीएमएस बायपास. लिथियम बॅटरीचा बीएमएस कोड दाखवतोय, गाडी चालत नाही, आणि गिऱ्हाईक डिलिव्हरी करणारा मुलगा आहे. त्याचा आजचा रोज बुडतोय. तो हात जोडतो, "दादा, काहीतरी करून आजच्या दिवस चालू करून द्या." हा प्रसंग तुमच्यावर येणारच आहे, म्हणून आत्ताच ठरवून ठेवा. बीएमएसने पुरवठा तोडलाय तो सेलचा व्होल्टेज खाली गेलाय, तापमान वाढलंय किंवा शॉर्ट आहे म्हणून. त्याला वळसा घालून वायर जोडली तर गाडी चालेल, आणि रात्री ती त्याच्या खोलीत चार्जिंगला लागेल, जिथे चार मुलं झोपलेली असतील. २०२२ मध्ये देशात स्कूटरच्या बॅटऱ्या पेटल्या, त्यानंतर एआयएस-१५६ मध्ये बदल करून बॅटरी, बीएमएस, चार्जर यांचे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले गेले. ते सगळं तुम्ही एका वायरीने रद्द करत असता.

मग त्या मुलाला काय द्यायचं? बाहेरून तपासून द्या. चार्जरमधून योग्य व्होल्टेज येतो का, चार्जिंग पोर्टची पिन जळलीय का, बॅटरीच्या कपलरमध्ये पाणी आहे का. कधी कधी दोष तिथेच सापडतो. काही बीएमएस ट्रिप झाल्यावर योग्य चार्जर लावला की परत सुरू होतात. तेवढ्याने झालं नाही तर पॅक उघडू नका, वॉरंटीत असेल तर कंपनीकडे, नसेल तर सेलचं काम शिकलेल्या माणसाकडे पाठवा. आणि शक्य असेल तर दुकानात एक साधी गाडी रोजच्या भाड्याने द्यायला ठेवा. त्याचा रोज वाचतो, तुम्हाला भाडं मिळतं, आणि नाही म्हणताना जीव तुटत नाही. माझ्या मते अशी एक गाडी ही तीन बोर्डांपेक्षा चांगली जाहिरात आहे.

दुसरं, स्पीड वाढवून देणं. ज्या गाड्यांना नंबर प्लेट लागत नाही, त्या २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या असतात म्हणून लागत नाही. कंट्रोलरची एक वायर कापून किंवा मोठा कंट्रोलर टाकून ती ४५ ने पळायला लागली की कायद्याने ती मोटर वाहन झाली, तीही बिना नोंदणीची, बिना विम्याची. सोळा वर्षांचं पोरगं ती चालवत असतं. पैसे पटकन मिळतात हे खरं. पण अपघात झाला तर तुमचं नाव निघणार, आणि ज्या गाडीत ब्रेक २५ च्या हिशोबाचे आहेत ती तुम्ही ४५ ला पाठवलीय हे तुम्हालाही माहीत असणार.

सुरुवात केवढ्याने करायची

मोठ्या कंपन्यांच्या नवीन गाड्यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. त्यांचे कोड कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय पूर्ण वाचता येत नाहीत आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावलात तर गिऱ्हाइकाची वॉरंटी अडचणीत येते. तुमचं मैदान म्हणजे वॉरंटी संपलेल्या साध्या गाड्या, ज्यांचं शोरूम बंद झालंय अशा गाड्या, आणि डिलिव्हरीवाल्यांना गाड्या भाड्याने देणारे छोटे मालक. ज्यांच्या दहा-वीस गाड्या आहेत त्या मालकाला महिन्याच्या तपासणीचा ठराविक दर द्या, तो बांधील राहतो.

हत्यारांत डीसी क्लॅम्प असलेला बरा मल्टिमीटर, इन्सुलेटेड पाने-स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, चांगली सोल्डरिंग आणि क्रिंपिंग. बॅटरीवर काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ६० व्होल्ट अंगाला फारसे जाणवणार नाहीत, पण टर्मिनलमध्ये पाना पडला तर तो वितळायला वेळ लागत नाही. यासाठी मुद्रा योजनेतलं ५०,००० पर्यंतचं शिशू कर्ज बहुतेकांना पुरावं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे कुणाला हजार रुपये देऊ नका. आणि ज्यांचं वय आणि घर परवानगी देतं त्यांनी आयटीआयचा इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा कोर्स जरूर बघा. बाकीच्यांनी एक जुनी बंद गाडी विकत घ्या, तिचा थ्रॉटल, हॉल, ब्रेक स्विच एकेक करून मुद्दाम काढा, आणि प्रत्येक वेळी डिस्प्ले काय म्हणतो आणि मीटर काय म्हणतो हे शेजारी शेजारी लिहा. पुढच्या व्हिडिओत मी तेच करणार आहे. वही आणि मीटर घेऊन बसा.